हळदीच्या मांडवातली भिंत

बदलापुरात खरवईला बहिणीकडे गेलो की मी गाडी बिल्डिंगच्या खाली लावत नसे. बाहेर रस्त्यावर, उन्हात लावायचो. बहीण म्हणायची, "अरे, आत जागा हाय ना." मी म्हणायचो, लगेच निघायचंय. आणि मग जेवून, पडून, चहा घेऊन संध्याकाळी निघायचो.

त्याचं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. मी फारसं कुणाला काही सांगतच नाही. आता सांगतोय ते माफी मागायला नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

बिल्डिंग दाजींच्या जागेवरची. स्ट्रक्चरल डिझाइन माझं. खाली पार्किंग, वर चार मजले. दोन मजल्यांवर दाजी आणि त्यांचे भाऊ, बाकीचे फ्लॅट विकलेले. बदलापुरात आता सगळ्या बिल्डिंगी अशा नुसत्या कॉलमवर उभ्या दिसतात, आणि ते काही कुणा आर्किटेक्टच्या आवडीने नाही. पार्किंग द्यावंच लागतं आणि तो मजला एफएसआयमध्ये, म्हणजे मंजूर बांधकाम-क्षेत्रात, धरत नाहीत. म्हणून तळमजल्यावरची घरं गेली, ओटे गेले. वर घराघरांत विटांच्या भिंती, सगळं घट्ट; खाली मोकळं. भूकंपात सगळ्यात जास्त हलतो तो हाच मोकळा मजला, वरचं सगळं ओझं डोक्यावर घेऊन. म्हणून भूकंपाचा कोड म्हणतो, खाली मोकळं ठेवलंत तर तिथे काँक्रीटच्या भिंती द्या. एक नियम उघडायला लावतो, दुसरा मिटायला. आमचं अर्धं आयुष्य या दोघांच्या मधे उभं राहण्यात जातं. दाजींकडे मी दोन भिंती दिल्या होत्या. एक जिन्याला लागून, ती कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. दुसरी बरोबर मधे, फाटकातून आत आलं की समोर.

आमच्यात हळद लग्नाहून मोठी. लग्न हॉलमध्ये होईल, हळद स्वतःच्या दारात. थोरल्या भाच्याची हळद ठरली तेव्हा आम्ही सगळे पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मांडव आखत बसलो होतो. पाट कुठेही ठेवा, नवरदेव भिंतीच्या एका अंगाला आणि धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या दुसऱ्या अंगाला येत होत्या.

"मंग गानी कोनाला म्हनायची, भितीला?" दाजींची चुलती म्हणाली. सगळे हसले.

"काय इंजिनियर," दाजी म्हणाले, "ती तुझी भित कागदावर राहू दे. इथली काढतो."

मी नवरदेवाचा मामा. मान माझा होता, सगळे माझ्याकडे बघत होते, बहीण चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी म्हटलं, "बघा."

मामाने 'बघा' म्हटलं की ते झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकर लागला. सळया गॅसने कापल्या, वर लादी बसवली. हळद जोरात झाली. नंतर तिथे दोन गाड्या जास्त मावायला लागल्या.

बिल्डिंगला काही झालं नाही. भेग नाही, ओल नाही. आणि काही झालं नाही म्हणून सगळ्यांना वाटत गेलं की ती भिंत फुकटचीच होती. मला तसं कधीच वाटलं नाही. मी माझी गाडी वाचवत होतो आणि सख्ख्या बहिणीला वर झोपू देत होतो. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. पुन्हा पार्किंगमध्ये खुर्च्या. मी ड्रॉइंग उलगडलं आणि सांगितलं, हळदीआधी मधली भिंत परत बांधायची.

तिसऱ्या मजल्यावरचे सिंधी शेठ, उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात ज्यांचं जीन्सचं दुकान आहे, ते हसले. "साईं, इतने साल से खडी है ना बिल्डिंग?"

"खडी है, क्योंकि अब तक किसी ने हिलाई नहीं."

"मंग तवा काढायला कोन बोलला होता?" दाजी म्हणाले.

"मी. आणि चुकीचं बोलतोय हे तेव्हाही माहीत होतं."

बहीण पुन्हा चहाचा ट्रे घेऊन आली होती. ती म्हणाली, "म्हनून तू गाडी उन्हात लावतोस."

"हो."

तिने ट्रे खाली ठेवला आणि कुणालाच कप न देता जिन्याकडे गेली.

दाजींनी आवाज खाली आणला. "बरं, बांधू. पन हलद झाल्यावर."

"हळदीआधी. भिंत नसेल तर नवरीला मांडवात आणायला मामा पण नसेल."

"धमकी देतोस?"

"हो."

"पालिकेला कलला तं लायसन तुझाच जाईल."

"जाऊ दे. भिंत काढल्याचं लिहून अर्ज देऊनच आलोय, माझ्या सहीने."

बहीण जिन्याच्या पायरीवर थांबली होती. तिथूनच म्हणाली, "भित घाला. तुमी रातभर नाचून घरी जाल. वर झोपायचा मला हाय."

मग वाद संपला. भिंतीच्या दोन्ही टोकांच्या कॉलमना भोकं पाडून केमिकलने सळया बसवल्या, पायापासून जाळी उभी केली, काँक्रीट ओतलं. मी तिथून हललो नाही. शेठ विचारत होते, "मेरी गाडी का क्या?" मी म्हटलं, बाहर, मेरी के बाजू में.

हळदीच्या दिवशी भिंतीवर ओली गोणपाटं होती. मांडववाल्याने त्यांवर झेंडूच्या माळा सोडल्या. म्हाताऱ्या पुन्हा पलीकडेच आल्या. चुलती वाकून बघत मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मामाने आहेरात भित आनली गो." आणि त्या दुप्पट आवाजात गायला लागल्या. नवरीला काही दिसत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. बहीण त्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते मला मान्य आहे. पालिकेचं उत्तर अजून आलेलं नाही. तेही येईल तसं घेईन. 'बघा' मात्र आता म्हणणार नाही.

निघताना दाजी फाटकापर्यंत आले. रस्त्यावरच्या माझ्या गाडीकडे बघत म्हणाले, "झाली ना तुझी भित? आता तरी आत लाव."

"अजून पाणी पितेय ती," मी म्हटलं. "पुरती पक्की होऊ दे. मग लावीन."