होऊन राहिलं

"परीक्षेच्या आधी ‘झालं’ हा शब्द मले कोणी आयकवू नका," असं सईदा मॅडम एकदा शिक्षकांच्या बैठकीत म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून अचलपूरच्या आमच्या महाविद्यालयात कुणाचंच काही होत नसे. विचारलं की सगळे सांगत, होऊन राहिलं.

सईदा मॅडम भूगोलाच्या. अध्यापन नियोजनाची समितीही त्यांच्याकडेच होती. कोणता घटक कुणी कोणत्या महिन्यात शिकवायचा हे जूनमध्ये ठरवायचं आणि वर्षभर त्याच्या मागे लागायचं. इतरत्र हे काम तक्त्यावर भागतं. मॅडम वर्गात जात. कुणी ‘झालं’ म्हटलं की त्या वाद घालत नसत. पर्स उचलून त्याच्या वर्गाकडे निघत, शेवटच्या बाकावर बसत आणि शेजारच्या मुलाला हळूच विचारत, "काय समजलं रे?" त्या एका प्रश्नाने भल्याभल्यांचा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्या पानावर आला होता. शिकवणं त्यांना ओल्या भिंतीसारखं वाटे. लांबून वाळलेली दिसते, हात लावल्यावर कळतं. प्राचार्य गोपालराव अर्थशास्त्राचा एक तास अजून घेत. मॅडमसमोर तेही जपूनच बोलत.

फेब्रुवारीत पुण्याहून एक सर तपासणीला आले. प्राचार्यांच्या खोलीत एकेका शिक्षकाला बोलावून ते घटकवार विचारत होते; प्राचार्य आणि सईदा मॅडम शेजारीच बसले होते. चंदाची पाळी आली. चंदा तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायची, दुसरंच वर्ष. पुढच्या वर्षी तिला तास मिळणार की नाही, ते या सरांच्या शेऱ्यावर होतं. दिवाळीआधी पोरांना नकाशाचं प्रमाण कळेना म्हणून तिने तो भाग पुन्हा पहिल्यापासून घेतला होता. मॅडमनीच घ्यायला लावला होता.

"तिसरा घटक?" सरांनी विचारलं.

"होऊन राहिला सर."

"चौथा?"

"तोही होऊन राहिला."

सरांनी चष्मा काढला. "अहो, फेब्रुवारी आहे. निम्मा अभ्यासक्रम राहिला आणि तुम्ही इतक्या शांतपणे सांगता?"

चंदा गोंधळली. पंख्याखाली कागद फडफडत होते. सर लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले, "भूगोल, दोन घटक राहिले. संबंधित अध्यापिकेला पुढील वर्षी..."

"थांबा जी सर," सईदा मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. हा शब्द त्यांनीच सगळ्यांच्या तोंडात घातला होता, आणि आज तो चंदाचे तास घेऊन चालला होता. "राहिला म्हंजे तुमी काय समजले?"

"राहिला म्हणजे उरला. दुसरं काय?"

"आमच्या इकडे तसं नाई. होऊन राहिला म्हंजे चालू हाये. पोरगी शिकवून राहिली."

"बरं. मग उरलेल्याला तुम्ही काय म्हणता?"

मॅडम काही सांगायच्या आत चंदाच्या तोंडून खरं तेच निघून गेलं, "त्याले बी राहिला म्हणतो सर."

प्राचार्यांना ठसका लागला. सरही हसले, पण पेन खाली ठेवलं नाही. "मग यातला मी कोणता धरू?"

"पोरं सांगतीन," मॅडम म्हणाल्या. "चला वर्गात. चंदा, तू मागं बस. तोंड उघडायचं नाई."

वर्गात सरांनी फळ्यावर समोच्च रेषा काढल्या. एका बाजूला दाटीवाटीने, दुसऱ्या बाजूला लांब लांब. "हा डोंगर आहे. वर जायला रस्ता करायचाय. कुठून न्याल?"

शेवटच्या बाकावर चंदाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग फलक नावाची मुलगी उठली. तिने खडू घेतला आणि लांब लांब रेषांमधून वळणं घेत रस्ता नेला.

"कावून इतका फिरवून राहिली?" मागून शिवम ओरडला. "समोरून ने ना सरळ."

"समोर रेषा चिकटून हायेत, दिसत नाई? कडा हाये तो. तुह्या सरळ रस्त्यानं चिखलदऱ्याची बस उलटी परतवाड्याले येईन."

"मंग पूल बांधू."

"कड्याले पूल बांधते का कोणी, येड्या?"

अर्धा वर्ग फलकच्या बाजूने झाला, दोघं-तिघं शिवमच्या. सर खडूची पूड झटकत ऐकत राहिले. त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

"हा चौथा घटक," शेवटी त्यांनी विचारलं. "झाला का?"

"होऊन राहिला सर!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

खोलीत परतल्यावर सरांनी ‘राहिले’ खोडलं आणि त्यावर ‘चालू आहेत’ लिहिलं. पुढचं वाक्यही खोडलं. चंदा खुर्चीत बसली आणि हसू लागली. बाहेरचं ऊन एकाएकी साधं वाटू लागलं, नुसतं ऊन. चहा आला. सरांनी विचारलं, "मॅडम, होऊन राहिलाय की झालाय?" यावर सईदा मॅडमही खळखळून हसल्या. त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती.

प्राचार्यांनी कप खाली ठेवला, पाय लांब केले आणि डोळे मिटून म्हणाले, "चला. आपला तर सगळा अभ्यासक्रम झाला."

गोपालरावांनी खाडकन डोळे उघडले.

सईदा मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि त्या अर्थशास्त्राच्या वर्गाकडे निघाल्या.