रोवणीचा पट्टा

सभागृहातली पहिली ओळ पाहुण्यांची, हा रिवाज मीच मोडला होता आणि त्याचा मला केवढा तोरा होता. भंडाऱ्याजवळच्या आमच्या विद्यापीठात बायोमेडिकलची परिषद विद्यार्थीच भरवत. प्राध्यापकांनी यायचं, दीप लावायचा आणि गप्प बसायचं. बाकी माईकपासून मसालेभातापर्यंत सगळं आमच्या डोक्यावर. त्या वर्षी मी शेवटच्या वर्षाला होते आणि आयोजन समितीची सचिवही. निबंध यायच्या आधीच आम्ही बॅनर छापून आणले. "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग," असं प्रयोगशाळेतले शिपाईकाका म्हणाले, तेव्हा मला राग आला होता.

समितीच्या बैठकीत मी भांडून एक गोष्ट मंजूर करून घेतली. ज्यांच्यासाठी यंत्र बनवलं, ती माणसं पहिल्या ओळीत बसतील आणि परीक्षक त्यांनाच प्रश्न विचारतील. आपण दुखण्यावर भाषणं ठोकायची आणि दुखणारा माणूस बाहेर पायरीवर, हे चालणार नाही, असं मी टेबलावर हात आपटून म्हणाले. टेबलावर हात आपटायची मला वाईट सवय आहे. माझ्या यंत्रासाठी त्या ओळीत बसणार होती माझी आई.

आमचं गाव सानगडीच्या पलीकडे. घरची दोन बांधी, म्हणजे धानाची खाचरं, ती लावून झाली की आई गावातल्या बायांबरोबर दुसऱ्यांच्या रोवणीला जाते. गुडघे न वाकवता, कमरेतून खाली झुकून, चिखलात मागे मागे सरकत दिवसभर रोपं लावायची. बाया एका रेषेत असतात आणि प्रत्येकीच्या वाट्याच्या तुकड्याला पात म्हणतात. एकीची पात मागे पडली की सगळी ओळ वाकडी होते. आई लहानपणापासून हेच करत आली. मी तिसऱ्या वर्षाला असताना ती सकाळी अंथरुणावरून उठताना भिंत धरू लागली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं की असंच वाकत राहिलात तर काही वर्षांनी उठून बसणंसुद्धा जड जाईल. आई मला म्हणाली, "आखाडात मी घरी बसू काय? लोकं काय म्हणतीन?" तिला थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मी बायोमेडिकलची विद्यार्थिनी होते, तेव्हा मी यंत्र केलं.

यंत्र म्हणजे कमरेला बांधायचा एक पट्टा. पाठ किती वाकली आणि किती वेळ वाकली याची तो नोंद ठेवी. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त झालं की थरथरे. थरथरला की दोन मिनिटं सरळ उभं राहायचं, एवढंच आईने करायचं होतं. शिवाय रोज संध्याकाळी एका कागदावर खूण करायची होती. त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे काढलेले होते, आज पाठ किती दुखली ते त्यावरून कळणार होतं. एक अख्खी रोवणी आईने पट्टा बांधला. नोंदी इतक्या सुरेख आल्या की प्रकल्पातल्या माझ्या दोन सोबत्यांनी मला प्रयोगशाळेत पेढे खायला घातले. वाकण्याचा वेळ घटला होता, आणि कागदावर पहिल्या आठवड्यानंतर सगळे चेहरे हसरे होते. परिषदेत निवड झाली तर पुढच्या हंगामात असे पट्टे आणखी गावांत जाणार होते. मला वाटलं, आईची पाठ वाचली.

परिषदेच्या दिवशी आई आणि शेजारच्या काकू सकाळच्या एसटीने साकोलीवरून आल्या. काकूंची पात वर्षानुवर्षं आईच्या पातीला लागून. आईने जांभळी साडी नेसली होती. मी तिच्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं, तर ती ते सारखं उलटंसुलटं करून पाहत होती.

जेवणाच्या रांगेत मी काकूंना सहज म्हटलं, "काकू, तुमालेबी एक पट्टा बनवून देतो."

"नोको बाई," काकू हसल्या. "एकटीचाच पुरे झाला. ते उभी राहिली का तिची पात आजूबाजूच्या आमी दोघी भरून काढो. आता सारेच उभे राहिलो त रोवन कोन?"

मी विचारलं, "म्हणजे? रोजच?"

"मंग? तुयं काम साजरं झालं पाहिजे ना. अन् ते काय कोनाचं ठेवून घेनारी हाय? सांज झाली का पट्टा काढून धुऱ्यावर ठेवे, अन् आमची पात लावू लागे. आमी घरी जावो तरी हे बांधीतच."

मी रांगेतून बाहेर आले. पट्टा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पडलेला असताना आई वाकलेली होती आणि माझ्या नोंदीत तो वेळ कुठेच नव्हता. जो वेळ घटला म्हणून आम्ही पेढे खाल्ले, तो तिने चिखलात पुरा करून दिला होता, कदाचित थोडा जास्तच.

आई हात धुवायला नळावर गेली होती. मी तिला तिथे गाठलं. "आई, काहून नाई सांगतलं मले? अन् ते चेहरे? रोज हासरेच?"

"मंग काय तुले रडके पाठवू?" ती शांतपणे म्हणाली. मग पदराला हात पुसत तिने इकडेतिकडे पाहिलं. "आता बोलू नोको काई. एवढ्या लोकाईत हासू करून घेतं काय आपलं?"

मी गप्प राहायचं ठरवलं. लिहिताना लाज वाटते, पण ठरवलं हे खरं. मी स्वतःला समजावलं की खरं सांगितलं तर आई सगळ्यांसमोर खोटी पडेल. त्यात माझ्या अब्रूची काळजी किती आणि तिच्या अब्रूची किती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आमचा नंबर दुपारी आला. मी आलेख दाखवले, टाळ्या झाल्या. परीक्षक नागपूरच्या हाडांच्या डॉक्टर होत्या, वयाने मोठ्या, आवाज मऊ. त्या माझ्याच नियमाप्रमाणे पहिल्या ओळीकडे वळल्या. "ताई, पट्टा बांधल्यापासून दुखणं कमी आहे का?"

आई उभी राहिली. "हाव जी. मले काईच होत नाई आता."

माझ्या आईला मी तोवर खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

"रोवणी करताना तुम्ही कशा वाकता, दाखवाल का थोडं?" डॉक्टरांनी विचारलं.

यात आईला कसला आलाय संकोच. तिने पदर खोचला आणि खुर्च्या व स्टेज यांच्यामधल्या सतरंजीवर ती झरकन वाकली. दोन्ही हात जमिनीपाशी, बोटं रोप खोचल्यासारखी चालताहेत, पाय मागे सरकताहेत. मुलामुलींनी मोबाइल काढले. टाळ्या सुरू झाल्या. आई सतरंजीच्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. टाळ्या थांबल्या तरी ती वाकलेलीच होती. सगळ्यांना वाटलं, अजून दाखवते आहे. वाकायला आईला कधीच त्रास नव्हता. तिला त्रास होता तो सरळ व्हायला, आणि घरी त्यासाठी भिंत असे. इथे आजूबाजूला काहीच नव्हतं. तिने एक हात गुडघ्यावर टेकला. चेहरा खाली होता, पण मानेवरची शीर ताठ झालेली मला स्टेजवरून दिसली.

मी उतरून तिच्याजवळ गेले. "सर तिकडे," ती दातांतून म्हणाली. "पाहून राहिले लोकं."

मी सरले नाही. तिच्या काखेत हात घातला आणि हळूहळू तिला उभं केलं. बराच वेळ लागला. खुर्चीवर बसवलं. डॉक्टर तोवर आमच्याजवळ आल्या होत्या. मी त्यांच्या हातातला माईक घेतला आणि सांगितलं की माझ्या नोंदी खऱ्या नाहीत, आईने पट्टा काढून तितकंच काम केलं आहे, तिचं दुखणं कमी झालेलं नाही आणि हे मला जेवणाच्या वेळेपासून माहीत होतं. मी आईकडे पाहिलं नाही. आमचा प्रकल्प यादीतून निघाला, तो निघायलाच हवा होता. माझे दोन सोबती पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. डॉक्टरांनी आईला नागपूरला तपासणीला बोलावलं, तेव्हा आईने मान हलवली, पण त्यांच्याकडे न बघता.

परतीच्या एसटीत मीही त्यांच्याबरोबर चढले. काकू पुढच्या बाकावर बसल्या आणि लगेच पेंगायला लागल्या. आई खिडकीपाशी, मी शेजारी. साकोली येईपर्यंत ती गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मी तिला सगळ्या लोकांत उघडं पाडलं होतं आणि क्षमा कशी मागायची ते मला येत नव्हतं. आमच्या घरात कुणी क्षमा मागत नाही, नुसतं समोरच्याचं ताट वाढतं. शेवटी मी भांडल्यासारखंच विचारलं, "मंग दिवसभर पट्टा थरथरला का उभी काहून राहे? नसती राहिली त सांजेले फेडा नसतं लागलं. नोंदी बिघडल्या असत्या त बिघडल्या असत्या."

आईने ओळखपत्र गळ्यातून काढून माझ्या हातात दिलं.

"तू तिकडं होस्टेलात," ती म्हणाली. "तो कमरेत थरथरला का मले वाटे, पोरगी बलावून राहिली. तू बलावशीन अन् मी उठन नाई काय?"