अर्धा सूर वर

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत त्या बँडवरून लोक जेवढे भांडले, तेवढे आपापल्या घराच्या वाटणीवरूनही भांडले नसतील. एका बाजूचे म्हणतात, असा गळा पुन्हा होणे नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, एक रेकॉर्ड काय ती जमली, बाकी सगळा गाजावाजा. आम्ही स्टेजवर ऐकलंय त्यांना, म्हणे, रेकॉर्डची सर नव्हती. दोन्ही बाजूंना मी आमच्या घरात बसवून चहा पाजला आहे, कारण ती रेकॉर्ड माझ्या बाबांनी मुद्रित केली होती आणि तो गळा माझ्या काकाचा होता. दोन्ही बाजूंना काडीचीही माहिती नव्हती. आता बाबा नाहीत आणि काकाही नाही, म्हणून सांगते.

बाबा नोकरी करायचे तो स्टुडिओ म्हणजे गालिच्यांच्या गोदामामागची एक खोली. भिंतींना न खपलेले गालिचे ठोकलेले, मधोमध एक पियानो, आणि काचेपलीकडे बाबा आणि त्यांचं टेपचं मशीन. बाबांचा आवाजाशी धंदा आणि आवाजाशीच वैर. काम सुरू व्हायच्या आधी ते पंखा बंद करायचे, भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवायचे. नळ गळायचा तर तोटीला दोरा बांधून तो बादलीत सोडलेला असायचा, म्हणजे थेंब टपकन न पडता दोऱ्यावरून गुपचूप उतरायचा. येणाऱ्याला बूट बाहेर काढून, खिशातली चिल्लर टेबलावर ठेवूनच आत जावं लागायचं. एकदा त्यांनी आईला श्वास जरा हळू घ्यायला सांगितलं. त्यानंतर आईने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. बँडच्या मुलांनी त्यांचं नाव 'श्श' ठेवलं होतं.

काका बाबांपेक्षा आठ वर्षांनी लहान. आजीआजोबा लवकर गेले, त्यामुळे काकाला बाबांनीच वाढवलं. त्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सह्या बाबांच्या, त्याला मार दिला तो बाबांनी, आणि पहिला माइक हातात दिला तोही बाबांनीच. काकाने तीन मित्र जमवून बँड काढला, तेव्हा गल्लीतल्यांनी नाकं मुरडली. बाबांनी मात्र सुट्टीच्या दिवशी मालकाकडून स्टुडिओ मागून घेतला आणि एका दिवसात आठ गाणी मुद्रित करायचं ठरवलं. काका तेव्हा बावीस वर्षांचा होता.

नेमकं त्या दिवशी मशीन चिरकायला लागलं. टेप ओढणारं चाक फिरताना बारीक, उंदराच्या पिल्लासारखा आवाज करायचं. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. पण ज्या गाण्यावरून पुढे एवढं रामायण झालं, ते गाणं नुसत्या गळ्याने सुरू होतं, साथीला काहीच नाही, आणि त्या शांततेत बाबांना ती चिरचिर ऐकू येत होती. त्यांनी स्वतःची जाड लोकरीच्या फेल्टची जुनी टोपी कात्रीने कापली आणि तिची एक पट्टी चाकाला टेकवून बसवली. चिरचिर थांबली. बाबा खूश. संध्याकाळी मशीन पुसताना त्यांनी ती पट्टी काढून खिशात टाकली.

त्या फेल्टमुळे मशीन दिवसभर जरासं संथ चाललं. कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण घेतलेलं गाणं ऐकायचं तेही त्याच मशीनवर. संथ घेतलेलं संथच वाजलं, म्हणजे बरोबर वाजलं. पण टेप रेकॉर्डच्या कारखान्यात गेली आणि तिथल्या धडधाकट मशीनवर आठही गाणी पळायला लागली. लय वाढली, गाण्याची पट्टी अर्धा सूर चढली. काकाचा भरदार, जाडसर आवाज त्यात पातळ आणि ताणलेला झाला, आता तुटतो की मग तुटतो असा. आणि जग त्या आवाजाच्या प्रेमात पडलं.

बाबांच्या हातात रेकॉर्ड आली त्याच संध्याकाळी त्यांना कळलं. भावाचा आवाज त्यांना ओळखू येणार नाही असं कसं होईल? त्या दिवशी घेतलेल्या पण रेकॉर्डसाठी न निवडलेल्या टेप त्यांच्याकडे होत्या. त्यांनी स्टुडिओत जाऊन एक लावली, मग खिशातलं फेल्ट चाकाला टेकवून पुन्हा लावली, आणि डोक्याला हात लावून बसले. दुसऱ्या दिवशी बँडचा गिटारवाला आला. तो पोरगा हुशार होता. म्हणाला, "श्श, आपण वाजवलं त्यापेक्षा रेकॉर्ड अर्धा सूर वर आहे. असं कसं?"

"आमचा पियानो चढा लागलाय," बाबा म्हणाले. "तुम्ही त्याच्यावरूनच तारा जुळवल्या होत्या ना?"

बस, एवढंच. एवढं एक वाक्य. गिटारवाल्याला पटलं. आपली चूक टेपवर गेली हे बाबांना कबूल करवलं नाही. त्यांच्या टेपवर कधी नको असलेला आवाज सापडत नाही, एवढी एकच कमाई होती त्यांची, आणि त्या आठवड्यात तर सगळे तिचंच कौतुक करत होते. शिवाय काका घरात नाचत होता. मी बाबांना यात सूट द्यायला तयार नाही. पण नाचणारा काका मला आठवतो, आणि तेव्हा बोलणं किती कठीण गेलं असतं, तेही समजतं.

झालं, बँडने सगळ्या तारा अर्धा सूर चढवल्या. लोकांना रेकॉर्डसारखं हवं होतं. काका बाबांना विचारायचा, "दादा, त्या दिवशी मी कसा काय गायलो रे? आता जीव काढला तरी तसं लागत नाही." बाबा म्हणायचे, लागेल, रियाज कर. काकाने चौदा वर्षं जीव काढला. प्रत्येक कार्यक्रमाला बाबा सभागृहात मागे उभे असायचे, हातात गरम पाण्याचा थर्मास. तीन गाण्यांनंतर काकाच्या मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या, आणि पुढच्या रांगांमध्ये कुणीतरी शेजाऱ्याला म्हणायचं की, रेकॉर्डवर काहीतरी करामत केलेली दिसते.

एकदा काकाने आमच्याच स्वयंपाकघरात विषय काढला. "पट्टी खाली घेऊया का? गळा दुखतो माझा."

गिटारवाला म्हणाला, "खाली घेतलं तर लोक खुर्च्या फेकतील. तूच गायलायस ना तिथे? मग?"

काकाने बाबांकडे पाहिलं. बाबा उठून भांड्यातलं पाणी किती उकळलंय ते बघायला लागले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, टेबलाशी गृहपाठ करत होते. मला वाटलं, मोठ्या माणसांचं बोलणं संपलं.

चौदाव्या वर्षी काकाच्या स्वरयंत्रावर गाठी निघाल्या. दोनदा शस्त्रक्रिया झाली. उरलं ते नुसतं कुजबुजणं. बँड मोडला, आणि मोडल्यावर त्याचं नाव आणखी मोठं झालं. मोडलेल्या गोष्टींचं लोकांना भारी कौतुक. काकाने फोटोंच्या चौकटी बनवायचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकं त्याचं बोलणं ऐकायला काउंटरवर ओणवी व्हायची. त्यातली काही नेमकी त्याच्याच रेकॉर्डचं पाकीट चौकटीत बसवायला आणायची आणि समोर कोण उभा आहे हे त्यांना ठाऊकही नसायचं. काका मोजमाप घ्यायचा, काच पुसायचा, पावती द्यायचा. त्याने लग्न केलं नाही. रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. आई त्याच्यासाठी सगळं मऊ शिजवायची.

रेकॉर्डला बेचाळीस वर्षं झाली तेव्हा रेडिओवाल्यांनी एक चर्चा ठरवली: हा बँड खरंच एवढा मोठा होता का? एक समीक्षक होणार होता, एक निवेदिका, आणि जुनं माणूस म्हणून बाबा. बाबा बहात्तर वर्षांचे होते. ते लगेच हो म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, कारण ते कधी कुठे बोलायला जात नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि पलंगाखालचं जुनं मशीन काकाकडे पोचवायला मदत माग‍ितली. स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्यांनी ते घरी आणलं होतं. मशीन धोंड्यासारखं जड. एक बाजू मी धरली, एक त्यांनी, आणि जिन्यात मधल्या पायरीवर दम खायला थांबलो असताना त्यांनी मला सगळं सांगितलं.

मी माझी बाजू खाली ठेवली. "काकाला माहीत नाही?"

"नाही."

"आईला?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

"रेडिओवर सगळ्यांना सांगणार आहे. तो आळशी होता, नकली होता, असलं काहीबाही बोलतात लोक. पण आधी त्याला सांगायला हवं. एकट्याने जमेल असं वाटत नाही."

मला त्यांना तिथेच सोडून घरी जावंसं वाटलं. पण म्हातारा माणूस जिन्यात मशीन धरून उभा होता. मी माझी बाजू परत उचलली.

काकाने मशीन पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. काच कापायच्या टेबलावर त्याने जागा केली, दुकानाचं दार ओढून घेतलं. बाबांनी त्या दिवशीची टेप लावली, फेल्टची पट्टी खिशातून काढून चाकाला टेकवली आणि काहीही न सांगता मशीन सुरू केलं.

तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. तेच गाणं, पण बिनघाईचं. आवाज रुंद होता, छातीतून येणारा, कुठेही ताण नाही. ऐकणाऱ्याला 'जरा बैस' म्हणणारा आवाज. काका आधी नुसता बघत राहिला, मग हळूहळू स्टुलावर टेकला.

"हा मी?" त्याने कुजबुजत विचारलं.

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी फेल्ट काढून दाखवलं, परत लावून दाखवलं, एखाद्या मुलाला समजवावं तसं. काका हसला. खरंच हसला. डोळे भरले होते, पण हसत होता. "एका टोपीमुळे?" तो म्हणाला. "अरे देवा, दादा. मला वाटायचं त्या दिवशी माझ्यात कुणी दुसराच संचारला होता. परत लाव."

बाबांनी परत लावली. काका डोळे मिटून ऐकत होता, ओठ हलत होते. मला वाटलं, निभावलं. मशीनची चूक, त्याला कोण काय करणार. बाबांच्याही खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

गाणं संपलं. काकाने रुमालाने नाक पुसलं आणि सहज विचारलं, "तुला कधी कळलं?"

बाबांना खोटं बोलता आलं असतं. परवा कळलं, मशीन साफ करताना, असं म्हणता आलं असतं. मी मनातल्या मनात तेच सुचवत होते. बोला ना, आणखी एकदा खोटं बोला.

"रेकॉर्ड आली त्याच दिवशी," बाबा म्हणाले.

काकाने रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग उठला आणि मशीन बंद केलं.

"तेव्हा गळा शाबूत होता माझा, दादा."

बाबा रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, मार मला, काहीही कर, मी रेडिओवर सगळं सांगणार आहे, तुझं नाव मोकळं करणार आहे.

"नाही सांगायचं," काका म्हणाला. त्याचं बोलणं ऐकायला आम्हां दोघांना पुढे वाकावं लागलं. "लोकांचं आवडतं गाणं आहे ते. त्यावर पोरांची लग्नं जमली, माणसांनी त्यावर दिवस काढले. ते तरी राहू दे. इतकी वर्षं तुला हवं होतं म्हणून गप्प बसलास. आता मी सांगतो म्हणून गप्प बस."

बाबांनी शब्द दिला. मशीन तिथेच ठेवून आम्ही निघालो. दारात काका मला म्हणाला, वहिनीला सांग, या रविवारी जमणार नाही. त्यानंतर कुठलाच रविवार जमला नाही.

रेडिओवर जाऊ नका असं मी बाबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, येतो असं कबूल केलंय. काचेपलीकडे निवेदिकेच्या मदतनिसाशेजारी मला खुर्ची दिली होती. समीक्षक तरतरीत माणूस होता. त्याने अर्धा तास मुद्दे मांडले: एका रेकॉर्डवर चौदा वर्षं खाल्ली, गायकाने मेहनत घेतली नाही, प्रत्यक्षात त्याला स्वतःचंच गाणं झेपत नव्हतं. बाबा माइकसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. मला माहीत होतं की दोन गल्ल्या पलीकडे दुकानात काका रेडिओ लावून बसला असणार.

शेवटी निवेदिका बाबांकडे वळली. "तुम्ही तर अगदी जवळून पाहिलंय. थोडक्यात सांगा, तो खरंच एवढा चांगला गायचा का?"

"त्याच्याइतकं चांगलं मी कुणाला ऐकलं नाही," बाबा म्हणाले.

"म्हणजे रेकॉर्डवर," समीक्षक म्हणाला.

"नाही. रेकॉर्डवर नाही."

दोघंही हसले. निवेदिकेने वय झालेल्या माणसाशी बोलतात तशा आवाजात बाबांचे आभार मानले आणि ते गाणं लावलं.