आखूड बांधलेली बोट

आमच्या सुदर्शनला कुठली हौस कधी सुचेल याचा नेम नाही. शेती बिडकीनला, वर्कशॉप चितेगावला, स्वतःला पोहता येत नाही, आणि गेल्या हिवाळ्यात या माझ्या भावाने मुंबईहून शिडाची यॉट भाड्याने ठरवली. म्हणे आण्णांना समुद्र दाखवायचा. आण्णा म्हणजे आमचे वडील. वय झालेलं, गुडघ्यांनी बसवून ठेवलेलं. समुद्र त्यांनाही बघायचा होता, पण त्यांची एकच अट होती. "मुंजाबा संगं असंल तरच बोटीत पाय ठिवीन."

मुंजाबाकाकांना आमच्याकडं पाण्यातला माणूस म्हणतात. मूळचे मेंढपाळ. त्यांच्या वडिलांची मेंढरं चरायची ती कुरणं जायकवाडीच्या पाण्याखाली गेली, तशी काकांनी पोरवयातच काठी टाकून वल्हं धरलं. आमचंही बरंच जुनं शिवार त्याच पाण्यात गेलं आणि उरलेला तुकडा पलीकडच्या काठाला राहिला. आण्णांना तिकडं न्यायचं-आणायचं ते काकांनीच. वारा सुटला की धरणाचं पाणी खवळतं, पण काकांच्या बोटीत आण्णांच्या धोतराला कधी शिंतोडा लागला नाही. बोट काठाला लागली की काका दोर ओढून ओढून आखूड बांधायचे. ढिली ठेवली तर वारा तिला दगडावर आपटून फोडतो, हे त्यांनी मला लहानपणी इतक्या वेळा ऐकवलंय की मी झोपेतही सांगेन. धरणाचं पाणी उतरतं, नाही असं नाही. पण ते उन्हाळाभर उतरत राहतं, रोज बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

यॉटवर कप्तान होता, तरुण मुलगा, कामात चोख. पण आण्णांचा हात धरायचा, त्यांना पाणी पाजायचं, पायऱ्या उतरवून खालच्या खोलीत निजवायचं, हे सगळं काकांकडं. खारं पाणी त्यांनी करंगळी बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "एवढं पाणी आन् जनावराला पाजायच्या कामाचं नाय," म्हणाले. आण्णा किती तरी दिवसांनी पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रायगडातल्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा बंदरात शिरलो. दगडी धक्का, वाळत घातलेले बोंबील, कोळ्यांच्या रंगीत होड्या. पाणी धक्क्याच्या काठोकाठ भरलेलं. कप्तानाने पुढचा-मागचा दोर भरपूर सैल ठेवून बांधला आणि डिझेलचे कॅन घेऊन रिक्षाने गेला. दोराला हात लावू नका, असं तो कुणालाच बोलला नाही. त्याच्या मुलखात ते कुणाला सांगावं लागत नाही.

सुदर्शनला ताजी सुरमई खायची होती. आम्ही सगळे निघालो. आण्णांना जिना चढवत नव्हता, म्हणून ते खालीच राहिले आणि त्यांच्यापाशी काका. पुढचं मला काकांनी नंतर सांगितलं.

सैल दोरामुळं बोट डुलत होती. आण्णांना मळमळायला लागलं. "मुंजाबा, लई हालतंय रं. काय तरी कर." काका वर आले. लोंबता दोर बघून त्यांना कप्तानाची कीव आली. एवढी भारी बोट आणि बांधणं हे असं! त्यांनी पुढचा आणि मागचा दोन्ही दोर ताणून आखूड केले आणि पक्क्या गाठी मारल्या. बोट धक्क्याला चिकटली, हलायची थांबली. आण्णांना बरं वाटलं. त्यांचा डोळा लागला, आणि त्यांच्या उशाशी बसल्या बसल्या काकांचाही.

आम्ही जेवलो, बाजारात सुकट घेतली, एक देऊळ बघितलं. परत आलो तर धक्क्यावर कोळ्यांची गर्दी. ओहोटीनं पाणी पार खाली गेलं होतं. होड्या पाण्याबरोबर खाली उतरून चिखलात निवांत टेकल्या होत्या. आमची यॉट मात्र दोन दोरांवर धक्क्याला टांगलेली, एका अंगाला कललेली, आणि आतून कुरकुर आवाज येत होता.

बोट कलल्यावर जाग येऊन काका वर धावले होते आणि धक्क्यावर गुडघे टेकून दोर दोन्ही हातांनी धरून बसले होते. जणू एवढी बोट त्यांच्या हातांनी पेलणार होती! बोटं सोलून निघाली होती.

"सोडा ना काका!" मी ओरडले.

"सुटत नाय, तनू. गाठ आवळून दगड झालीय. कापला तर आण्णासकट खाली पडंल."

एक म्हातारी कोळीण पुढे झाली. "दोर आखूड कोनी केला?" तिने विचारलं. काकांनी हातातला दोर आणखी आवळून धरला. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "आता भरती येईस्तवर कोनाच्या हातात काय नाय. आत जाऊ नको बाय, वजन वाढंल."

मी गेले नाही. सुदर्शन कप्तानाला फोन लावत राहिला, फोन लागला नाही. चार कोळी चिखलात उतरून बोटीखाली ओंडके सरकवू बघत होते, पण चिखल ओंडके गिळत होता. खालच्या खोलीतून आण्णांची हाक आली. "मुंजाबा, पानी कुठं गेलं रं?"

"येतंय, आण्णा. येतंय. पलंग घट धरून ऱ्हावा."

इतका खोटा धीर मी आयुष्यात ऐकला नाही. काका रडत होते आणि आवाज मात्र नेहमीचा ठेवत होते. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटत होती, आणि यातलं काहीच कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

मग दोर बांधलेला डेकवरचा खुंटा फाडकन उखडला. बोट चिखलात आडवी कोसळली.

आण्णांच्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. मुंबईत ऑपरेशन झालं आणि त्यांना माझ्याकडं शहरात, उस्मानपुऱ्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण आता उभं राहणं नाही. जो तो कप्तानाला शिव्या देत होता, सुदर्शन स्वतःला. काकांना कुणीच काही बोललं नाही, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. आठ-पंधरा दिवसांनी ते गावाहून आले ते दारातच उभे. चहा घेईनात, बसेनात.

"ये की आत," आण्णा पलंगावरून म्हणाले. "येड्या, तू नसतास तर मी तिथं यकटाच पडलो असतो. ही समदी तर जेवाया गेल्ती."

सुदर्शनने मान खाली घातली. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"मी व्हतो म्हणूनच झालं की, आण्णा," काका म्हणाले.

आण्णांनी हात पुढे केला. इतकी वर्षं बोटीत चढता-उतरताना तोच हात काकांच्या हातात असायचा. काका त्या हाताकडं बघत राहिले. धरायला काही पुढे आले नाहीत.