ट्रॅक्टरला लागलेली दृष्ट

"शनिवारी भंगारवाला येतोय," सेक्रेटरी साहेब म्हणाले. "तोवर हे धूड धक्का न मारता चालू झालं तर ठीक. नाहीतर ट्रॅक्टर भंगारात आणि गावकर घरी. ग्राउंडचं काम कॉन्ट्रॅक्टरला देऊन टाकतो."

हे सगळं गावकर काकांच्या समोर. काका खाली बघत हात पुसत होते. मुलुंडच्या त्या क्लबच्या मैदानावर रोलर ओढायचा हा ट्रॅक्टर काका तीस वर्षं चालवतायत. दुसरं काही चालवता येत नाही, आणि या वयात त्यांना शिकवणार कोण? मला साहेबांचा असा राग आला, पण गिऱ्हाईक पडलं. पान्यांची पेटी उघडली.

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे घाटकोपरला. आधी बाबांचं होतं, आता माझं. अजूनही गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठेय?" मी म्हणते, "समोर उभी आहे, बोल."

तर तक्रार अशी. बॅटरी रात्रभर चार्जरला लावली की सकाळी ट्रॅक्टर झकास चालू. दिवसभर चालवा. संध्याकाळी बंद केला की मेला. बॅटरी नवीकोरी, तरी तेच.

"कधीपासून काका?"

"दसऱ्यापासून गो. कोणाची तरी दिष्ट लागली," काका म्हणाले. काका मालवणकडचे. पुढे लिंबू-मिरची टांगलेलीच होती.

मला हसू आलं. "काका, बॅटरीला दृष्ट लागत नाही. लागली तर अल्टरनेटरची वाट लागते."

अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर पट्ट्याने फिरणारा एक डबा. इंजिन चालू असताना तो वीज बनवतो आणि बॅटरी भरतो. तो बरा असेल तर चालू गाडीत बॅटरीवर मीटर लावल्यावर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसतात. इथे बारा. मी ऐटीत जाहीर केलं, "अल्टरनेटर गेला."

काढला, रिक्षात घातला, दुकानात नेऊन बेंचवर फिरवला. चौदा! ठणठणीत! तोंडावर आपटले.

दुसऱ्या दिवशी परत बसवला. पुन्हा बारा. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर बदलली. बारा. पट्टा ताणला. बारा. शुक्रवारची दुपार झाली होती. काका दर दहा मिनिटांनी चहा आणून देत होते आणि काही विचारत नव्हते. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान खेकसता तरी आलं असतं.

शेवटी मी बॅटरी सोडून मीटरच अल्टरनेटरवर नेला. एक टोक त्याच्या वायरच्या बोल्टवर, दुसरं त्याच्याच अंगावर, जिथे काढताना माझ्या पान्याने ओरखडा पडला होता तिथे. चौदा. म्हणजे वीज बनत होती, पण बॅटरीला पोचत नव्हती. आता वीज जाते वायरने, पण परत येते गाडीच्या लोखंडातून. जायचा रस्ता मी नवा करून दिला होता. राहिला यायचा.

मी वाकून नीट बघितलं. अल्टरनेटर लाल, तो ज्या पट्टीवर बसतो ती लाल, बोल्ट लाल, वॉशर लाल. सगळं नव्या नवरीसारखं चकाचक. दोनदा मी ते बोल्ट या हातांनी खोललेत, डोळे काय दुकानात ठेवून आले होते काय!

"काका, हा रंग कोणी दिला?"

काकांचा चेहरा फुलला. "मीयाच! दसऱ्याक पूजा असता ना. सगळा खोललंय, एकेक बोल्ट रंगात बुडवलंय. दोन हात दिले."

रंगातून वीज जात नाही. लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं.

मी एक वायर घेतली, अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसला लावली. मीटर चौदावर. काका मीटरकडे बघत राहिले, मग रंगाकडे. त्यांना कळलं. "म्हणजे माझ्याच हातान..." एवढंच म्हणाले आणि ट्रॅक्टरच्या पायरीवर बसले. मी पॉलिश पेपर त्यांच्या हातात दिला. "बसताय काय, घासा!"

दोघांनी मिळून पट्टी, बोल्ट, वॉशर उघडे पाडले.

शनिवारी सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. शुक्रवारी संध्याकाळी ट्रॅक्टर बंद केला होता, चार्जर मी मुद्दाम काढायला लावला होता. काकांनी चावी फिरवली. एका दमात चालू! काकांनी उगाच मैदानाला एक फेरी मारली.

"काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

काका माझ्याकडे बघायला लागले.

"कॉन्टॅक्ट नव्हता. जुन्या गाडीला होतं असं."

"कोणाची चूक?"

"माझी. पहिल्या दिवशीच सापडायला हवं होतं."

ते खोटंही नव्हतं. काका पहिल्याच वाक्यात म्हणाले होते, दसऱ्यापासून. मी दृष्टीला हसत बसले आणि तारीख ऐकलीच नाही. आता गिऱ्हाईक दृष्ट म्हणो, भूत म्हणो, शनी म्हणो, मी आधी विचारते, कधीपासून आणि त्या दिवशी काय केलंत.

यंदा दसऱ्याला काकांनी पूजेला बोलावलं. ट्रॅक्टर पुन्हा लालभडक, फक्त अल्टरनेटरची पट्टी आणि बोल्ट उघडे. काका खूश होऊन दाखवत होते. त्या उघड्या लोखंडाच्या बरोबर मधोमध त्यांनी पाण्यात कालवलेलं कुंकू लावलं होतं, भरपूर.

"काका, गंज चढेल!" मी ओरडले, आणि पदराने पुसून टाकलं.