गुळावर आळ

श्रीगोंद्याला आमच्या घरामागेच गुऱ्हाळ होतं, आणि गूळ न खाणारी पोर अख्ख्या आळीत एकटी मी. कारण मला जंत व्हायचे. एकदा नाही, सारखेच. थोरला भाऊ माझ्याबरोबर त्याच उसाच्या फडात अनवाणी हुंदडायचा, मातीच्या हातानं ऊस सोलून खायचा, पण त्याला काही म्हणून होत नसे. आई म्हणायची, "गुळानं जंत वाढत्यात. तुला न्हाई मिळायचा." त्याला मात्र वाटीभर गरम काकवी! मेला माझ्यासमोर बसून बोटं चाटायचा. एकदा तर मी त्याच्या हाताला कडकडून चावलेय.

आता मी नगरला राहते. मागच्या वर्षी माझी सात वर्षांची लेक फिक्कट पडली, जिना चढताना दमायला लागली. माझ्या जिवाला नुसता घोर. तपासणीत निघाले काय, तर जंत. डॉक्टरीणबाईंना मी तोऱ्यात सांगितलं, "गुळाचा खडासुद्धा देत नाही हो मी हिला!"

त्या हसायलाच लागल्या. "गुळाचा काय संबंध? जंत मातीतून येतात. अनवाणी पायांतून, न धुतलेल्या हातांतून. आणि एकाच मातीत खेळून एकाला होतात, दुसऱ्याला नाही, त्यात थोडा वाटा आनुवंशिकतेचाही असतो. काहींचं शरीर त्यांना लवकर थारा देतं. तुम्हाला व्हायचे का लहानपणी?"

अगं बाई! म्हणजे माझं बालपण फुकटच अळणी गेलं? आणि तेच मी लेकीचं करत होते! गोळ्या घेतल्या, शेजारच्या दुकानातून पावशेर गूळ घेतला, लेकीच्या हातात खडा दिला आणि रिक्षातूनच आईला फोन लावला. चांगली फैलावर घेतली तिला. "ते रक्तातनं येतं म्हणे, आई! गुळावर उगाच आळ घेतलास!"

आई ऐकून घेणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग माझ्याकडनंच आलं आसंल गं. मला बी लई हुते. माझ्या आईनं गूळ बंद केला, त्यो आजपातूर तोंडात घातला न्हाई मी."

भाऊ चाटायचा ती वाटी तिनंच भरलेली असायची. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आता खाल्ला तर चालंल का गं?" तिनं विचारलं.