खंडेनवमीची शाल

चाकणच्या त्या ब्रेकच्या कारखान्यात विजयश्रीला सगळे 'सर्व्हरच्या मॅडम' म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे. राजगुरुनगरच्या शेतकरी घरातली पोर, डिप्लोमा करून इथं ऑपरेटर म्हणून लागली आणि हळूहळू सर्व्हर चालवणारी युनिक्स प्रणाली शिकत गेली. डिस्पॅच गेटवर पेटी आली की हातातल्या स्कॅनरनं तिचं लेबल वाचायचं, नंबर सर्व्हरला पाठवायचा, सर्व्हरनं होकार दिला की पेटी ट्रकमध्ये. सर्व्हरवर हे काम करणारा प्रोग्रॅम तिनंच लिहिला होता. त्याच्यावर तिचा भारी जीव. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

स्कॅनर पुरवायचा ज्योतीराम. मूळचा लातूरकडचा, काळेवाडीत त्याचा छोटा गाळा. जुनी मशिनं आणायची, दुरुस्त करायची आणि कारखान्यांना भाड्यानं द्यायची, हा त्याचा धंदा. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची, तेव्हा सर्व्हरच्या कपाटासाठी झेंडूची माळ दरवर्षी तोच घेऊन यायचा. कुणी सांगितलं नव्हतं, पण आणायचा.

मागच्या वर्षापासून गेट अधूनमधून अडायला लागलं. स्कॅनर लेबल वाचे, सर्व्हर मात्र गप्प. ट्रकांची रांग हमरस्त्याला जाऊन भिडे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून कारखाना डोक्यावर घेत. मग विजयश्री धावत जायची, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करायची, की सगळं सुरळीत. लोक वाहवा करायचे. आग लावणाराच बंब घेऊन धावतोय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलासुद्धा.

शेवटी डिस्पॅचचे प्रमुख भिमाजीसाहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "मॅडम, पर हे व्हतंय कशानं?"

तिनं स्कॅनर आणि सर्व्हर यांच्यातल्या अडकलेल्या जोडण्यांची यादी पडद्यावर दाखवली. ओळीच ओळी, आणि प्रत्येक ओळीत ज्योतीरामच्या कुठल्या ना कुठल्या स्कॅनरचा पत्ता. "यांची मशिनं कनेक्शन धरून बसतात," ती म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याच ओळींच्या शेवटी प्रत्येक जोडणीची अवस्था लिहिलेली होती, ती तिनं वाचलीच नाही. खरं सांगायचं तर त्या अवस्थांचे अर्थ तिला नीट येत नव्हते, आणि येत नाही असं चारचौघांत म्हणणं तिच्या जिवावर यायचं.

ज्योतीराम खुर्चीच्या टोकावर बसला होता. तो भांडला नाही. "मॅडम म्हनत्यात म्हंजी असंल," तो म्हणाला. "मी समदी खोलून बघतो." पुढच्याच महिन्यात त्याचं काम गेलं आणि एका बड्या कंपनीचे कोरे करकरीत स्कॅनर आले.

थोडे दिवस बरे गेले आणि गेट पुन्हा अडलं.

त्या दिवशी मात्र विजयश्री यादीपुढं ठाण मांडून बसली. पत्ते नवे, ओळी त्याच. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच अवस्था होती, क्लोज-वेट. तिनं एकेका अवस्थेचा अर्थ शोधून वाचला आणि तिला गावाकडची पंगत आठवली. लिसन म्हणजे दारात उभं राहून 'या, बसा' म्हणणारा. एस्टॅब्लिश्ड म्हणजे पाहुणा जेवतोय. टाइम-वेट म्हणजे जागा पुसून घटकाभर वाळत ठेवलेली, ती आपली आपण मोकळी होते. आणि क्लोज-वेट म्हणजे पाहुणा जेवला, 'येतो' म्हणून निघूनही गेला, पण त्याची उष्टी पत्रावळ घरच्यांनी उचललेली नाही. ती कितीही वाट पाहिली तरी आपोआप उठत नाही. अशा पत्रावळी साचल्या की नव्या पाहुण्याला बसायला जागा कुठून असणार!

पाहुणे म्हणजे स्कॅनर. ते शिस्तीत निरोप घेऊन जात होते. पत्रावळ उचलायचं काम तिच्या प्रोग्रॅमचं होतं. एखादं लेबल फाटकं निघालं की प्रोग्रॅम नंबर नाकारायचा आणि जोडणी न मिटवताच पुढच्या पेटीकडे वळायचा. जोडणी मिटवणारी एक ओळ ती लिहायची विसरली होती. ती ओळ तिनं घातली आणि गेट पुन्हा कधी अडलं नाही. विजयश्रीचे कान मात्र तापले ते तापलेच. आज सांगू, उद्या सांगू करत तिनं कुणालाच काही सांगितलं नाही.

खंडेनवमी आली. सर्व्हरच्या कपाटाला हळदकुंकू लागलं, लिंबू ठेवलं गेलं. भिमाजीसाहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. "येवढ्यात गेट एकदा बी थांबलं न्हाई," ते म्हणाले. "ह्याचं सगळं श्रेय मॅडमचं!" आणि त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात दाराशी कुणीतरी आलं. हातात झेंडूची माळ घेऊन ज्योतीराम उभा होता आणि तोही टाळ्या वाजवायला माळ कोपरावर अडकवत होता.

विजयश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साहेब," ती म्हणाली, "बिघाड माझ्या प्रोग्रॅममध्ये होता. ज्योतीरामभाऊंची मशिनं चांगली होती. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला."

टाळ्या थांबल्या. भिमाजीसाहेब हसले आणि हळूच म्हणाले, "आवं मॅडम, सणासुदीला हे काय काढलंत? नव्या कंपनीशी करार झालाय, आता मोडायचा न्हाई. नारळ जरा वर धरा, फोटो काढायचाय."

फोटो निघाला. मग पेढे वाटले गेले आणि लोक पांगले. ज्योतीरामनं माळ कपाटाला नीट बांधली आणि तिच्याजवळ आला. तो आता शिव्या देईल, असं तिला वाटलं. द्याव्यात असंही वाटलं. पण त्याचा चेहरा उजळला होता.

"मॅडम, म्हंजी माझी मशिनं चांगली व्हती?"

"होय."

"मी समदी खोलली वो. खोट काय सापडंना. म्हनलं, आपल्यालाच हे काम येत न्हाई. भंगारात घातली आन् गाळा सोडला. आता एका गोडाऊनवर वॉचमन हाय." तो खरोखर हसत होता. "चांगली व्हती म्हना की!"

त्या आनंदाकडे तिला बघवेना. त्यानं खिशातून मोबाइल काढला. "येवढं केसरला सांगताव का? माझी बायको. मी सांगून तिला पटायचं न्हाई." आणि नंबर लावून त्यानं फोन तिच्या हातात दिला.

"हॅलो, कोन?"

"मी विजयश्री, कारखान्यातली. ज्योतीरामभाऊंची मशिनं चांगली होती. चूक माझी होती."

पलीकडून केसर म्हणाली, "आता सांगलाव व्हय?" आणि तिनं फोन ठेवला.

ज्योतीराम समोर उभा राहून मोठ्या आशेनं विजयश्रीच्या तोंडाकडं बघत होता. आणि विजयश्री, अंगावर शाल तशीच, तो बंद झालेला फोन कानाला धरून उभी होती.